क्रेटाचा डीपीएफ: वापरलेला, पण जुळणारा फिल्टर शोधतानाच्या नोंदी

२६ ऑक्टोबर २०२५, रविवार, कोल्हापूर

दिवाळी उरकली आणि मामा इचलकरंजीहून गाडी घेऊन आले. ह्युंदाई क्रेटा, २०२० ची, दीड लिटर डिझेल, ११५ पीएस, मॅन्युअल गिअर, बीएस ६ (भारत स्टेज ६, धुरावरचा कडक नियम). मीटरवर ४१ हजारांच्या थोडं पुढे. इंजिनाचा पिवळा दिवा पेटलेला, पिकअप गेलेला, मागे उभं राहिलं की डिझेलचा जुना, ओळखीचा वास. बीएस ६ गाडीला तो वास यायला नको.

मामांकडून कळलेला इतिहास असा. पावसाळ्यात डीपीएफचा, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा लागला. मामा तसेच महिनाभर चालवत राहिले, कारण गाडी पळत होती. मग तिथल्या एका गॅरेजवाल्याने उभ्या गाडीवर स्कॅनर लावून फिल्टरमधली काजळी ‘जाळून’ दिली. दिवा गेला. पंधरवड्याने दुसरा दिवा लागला. जुन्या बिलावर पेनने कोड लिहिलेला सापडला: पी २४६३, म्हणजे फिल्टरमध्ये काजळी मर्यादेबाहेर साठली. आज माझ्या स्कॅनरवर आला तो पी २००२, म्हणजे फिल्टर काजळी अडवतच नाही. आधी तुंबला, नंतर गळका झाला. या दोन कोडांच्या मध्ये काय घडलं असेल याचा अंदाज येतोय, पण उघडून बघितल्याशिवाय लिहिणार नाही.

उद्यमनगरात ज्यांच्याकडे लिफ्ट वापरायला जाते त्या मेस्त्रींनी गाडीखाली न वाकताच उपाय सांगितला. “ताई, काढून टाकूया की. आतनं पोकळ करतो, परत वेल्ड मारतो, सॉफ्टवेअरमधनं बंद करून देतो. निम्म्या दिवसाचं काम हाय.” मामांचे डोळे लकाकले. मी नाही म्हटलं आणि का ते दोघांनाही सांगितलं.

बीएस ४ डिझेल गाडीला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम कण सोडायची मुभा होती. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ मध्ये ती ४.५ मिलिग्रॅमवर आली आणि कणांच्या संख्येवरही बंधन आलं: किलोमीटरमागे ६० हजार कोटी. तेव्हाच डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून १० वर आणलं, ते ही यंत्रणा टिकावी म्हणूनच. फिल्टर पोकळ केला की हे सगळं पाण्यात. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ(४) प्रमाणे परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. मामांची यंत्रमागाची शेड भर वस्तीत आहे. गाडी रोज जिथे चालू होते तिथे शेजारच्या अंगणवाडीचं दार आहे. मला तेवढं कारण पुरे होतं.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

कामावरून आल्यावर मोजमापं.

इंजिन बंद, चावी चालू: फिल्टरच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातला फरक शून्य. म्हणजे सेन्सर स्वतः ठीक. इंजिन गरम, आयडलवर: शून्याला चिकटलेला. ३००० आरपीएमला: जेमतेम अर्धा किलोपास्कल. तुंबलेल्या फिल्टरला हा आकडा चढतो, धडधाकट फिल्टरलाही काहीतरी विरोध असतोच. इथे वायू मोकळ्या पाइपातून जावा तसा जातोय.

सेन्सरला जाणाऱ्या दोन्ही रबरी नळ्या काढून फुंकून बघितल्या. ना भोक, ना पाणी, उलट्याही जोडलेल्या नाहीत. हे बघणं फार गरजेचं. नळी तडकली तरी हाच कोड येतो, आणि चांगला फिल्टर भंगारात जातो.

मग सायलेन्सरच्या शेपटीत पांढरं फडकं फिरवलं. काळंकुट्ट. फिल्टर शाबूत असता तर फडक्यावर फार तर करडा डाग उमटला असता.

१ नोव्हेंबर, शनिवार

आजचा दिवस फिल्टरला हात न लावता घालवला, आणि माझ्या मते या सगळ्या कामातला हाच महत्त्वाचा दिवस. फिल्टर आपण होऊन मरत नाही, त्याला कोणीतरी मारतं. ते शोधलं नाही तर दुसरा आणलेला नगही वर्षभरात त्याच वाटेने जाईल.

पहिलं सापडलं ते इंटरकूलरच्या (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) गरम बाजूच्या होजवर. क्लॅम्पखाली बोटभर लांब चीर, भोवती तेलाचा ओला पट्टा आणि त्यावर धूळ. टर्बोने दाबलेली हवा तिथून निसटत होती. मोजलेली हवा आत पोचत नाही, डिझेल मात्र त्या हिशेबाने पडतं, उरलेलं काजळी होतं. पिकअप जाण्याचं कारणही हेच. मामांना वाटत होतं की फिल्टर तुंबल्यामुळे पिकअप गेला. खरं तर होज फाटल्यामुळे दोन्ही झालं.

दुसरं, ऑइलची पट्टी. पातळी वरच्या खुणेच्या बरीच वर, आणि ऑइलला डिझेलचा वास. फिल्टर आपोआप जाळायची वेळ आली की इंजिन जादा डिझेल उशिरा मारतं, म्हणजे एक्झॉस्ट तापतो. ती प्रक्रिया दहा-वीस मिनिटं चालावी लागते. मामांचं घर ते शेड तीन किलोमीटर. जाळणं सुरू होतं, मामा गाडी बंद करतात, अर्धवट राहिलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. दुसऱ्या दिवशी परत तेच. ऑइल वाढतंय म्हणून खूश व्हायचं कारण नाही, ते पातळ होतंय.

तिसरं, बिलं. मागच्या दोन सर्व्हिसला ट्रकचं सीआय-४ प्लस ऑइल घातलेलं. वाईट ऑइल नव्हे ते, पण या इंजिनाचं नव्हे. डीपीएफच्या गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं, एसीइए या युरोपीय मानकातलं सी२ किंवा सी३, ज्यात सल्फेटेड अॅशची (ऑइल जळल्यावर उरणाऱ्या राखेची) मर्यादा ०.८ टक्के. ट्रकच्या ऑइलमध्ये ती सव्वा-दीड टक्क्यापर्यंत जाते. एक लिटर ऑइल म्हणजे साधारण ८५० ग्रॅम. इंजिनाने ते जाळलं तर पहिल्यातून सात ग्रॅमच्या आत राख, दुसऱ्यातून बारा. काजळी ६०० अंशांच्या आसपास जळून जाते, राख कधीच जळत नाही. ती फिल्टरच्या बंद टोकांशी साठत राहते.

होज नवा मागवला. ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलले, सी३ घातलं. इंजेक्टरांचं रिटर्न, म्हणजे परत येणारं डिझेल, मोजलं, चारही जवळपास सारखे. ईजीआर झडप (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी) काजळलेली होती, साफ केली. आता नवा फिल्टर आणायला गाडी लायक झाली.

मामा फोनवर म्हणाले, “अगं, फिल्टर घ्यायचा तर हे बाकीचं कशाला काढत बसलीस?” त्यांना होजचा फोटो पाठवला.

८ नोव्हेंबर, शनिवार

फिल्टर उतरवला. या गाडीत तो टर्बोच्या तोंडालाच, इंजिनाला चिकटून बसतो. एका डब्यात आधी कॅटलिस्ट (धुरातले घातक वायू निकामी करणारा), त्याच्या पुढे फिल्टर. युरियाची टाकी या सालच्या क्रेटाला नाही, नायट्रोजन ऑक्साइडचं काम हाच कॅटलिस्ट बघतो. म्हणून ‘फिल्टर’ म्हणून आपण जे विकत घेतो त्यात दोन्ही येतात आणि किंमतही दोन्हींची असते. आदल्या रात्री नटांवर पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवलं होतं, तरी एक स्टड तुटलाच.

बाहेर पडायच्या बाजूने टॉर्च मारला आणि शंका मिटली. मध्यभागी वाटीएवढा खड्डा, कडा काचेसारख्या वितळलेल्या, भोवती काळे ओघळ.

मी फाउंड्रीत गुणवत्ता विभागात आहे. आमच्याकडे वितळलेलं लोखंड गाळायला साच्यात सिरॅमिकच्या जाळ्या बसवतात, त्यामुळे हा पदार्थ हाताखालचा. फरक असा की आमच्या जाळीची भोकं आरपार असतात. डीपीएफमध्ये एक भोक पुढून बंद, शेजारचं मागून बंद. वायूला भिंतीतूनच शिरावं लागतं आणि काजळी भिंतीवर अडते. फिल्टरचं सिरॅमिक कॉर्डिएराइट असेल तर ते १४५० अंशांच्या आसपास वितळतं, सिलिकॉन कार्बाइड त्याहून कितीतरी जास्त सोसतं. साचलेली काजळी मर्यादेत असेल तर जाळताना तापमान आटोक्यात राहतं. मर्यादेबाहेर काजळी असताना उभ्या गाडीवर पेटवली तर एकदम भडका उडतो आणि आतली उष्णता वाहून न्यायला पुरेसा वायूही नसतो. पी २४६३ आणि पी २००२ च्या मधली घटना ही.

आता धुलाईचा प्रश्नच नाही. राखेने तुंबलेला फिल्टर भट्टीत तापवून, उलट्या बाजूने हवा मारून पुष्कळ अंशी मोकळा होतो. वितळलेल्याला भिंतीच उरलेल्या नसतात. प्रेशर वॉशर लावून ‘डीपीएफ क्लीनिंग’ करणाऱ्यांपासून तर चार हात लांबच राहावं. पाण्याच्या माऱ्याने राखेचा चिखल होऊन टोकांशी घट्ट बसतो, आणि डब्याभोवतीची फायबरची गादीही भिजून निकामी होते.

उतरवताना मास्क आणि हातमोजे घातले होते. ही राख आणि ती गादी फुप्फुसात जायच्या लायकीची नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

नव्या असेंब्लीचा भाव घेतला. लाखाच्या बराच पुढे. भाव ऐकून मामा गप्प झाले. यात कोणाची लबाडी नाही. आतल्या लेपात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं. मंजुरीचा पुरावा नसलेले बाहेरचे स्वस्त डबेही दाखवले गेले. आत लेप किती, कुठला, कोणालाच सांगता येईना. सोडले.

राहिला वापरलेला मूळ नग. तो घ्यायचा तर आधी ‘जुळणारा’ म्हणजे काय ते ठरवायला हवं. माझी मोजपट्टी अशी.

डब्यावर कोरलेला नंबर दहा अक्षरी असतो, पाच-पाचच्या दोन गटांत. पहिला गट भाग कोणता ते सांगतो, दुसरा कुठल्या इंजिनाचा आणि मॉडेलचा. पहिला गट जुळला म्हणून विक्रेते ‘सेम है’ म्हणतात. मला दुसरा गट अक्षर न अक्षर हवा. सुट्या भागांच्या काउंटरवर चेसिस नंबर दिला तर कॅटलॉगमधून हा नंबर आणि तो पुढे कोणत्या नंबराने बदलला गेला हेही काढून देतात. तेवढं काम त्यांनी आनंदाने केलं. मिळालेले नंबर वहीत लिहिले.

इंजिन एकच म्हणून फिल्टर एकच, असं धरता येत नाही. हेच दीड लिटर डिझेल किआ सेल्टॉसलाही आहे. वेन्यूला आणि मॅन्युअल सोनेटला ते १०० पीएसचं होतं, टर्बोही वेगळा. टर्बो वेगळा तर फिल्टरचं तोंड वेगळं असणार. तापमानाच्या सेन्सरांची भोकं, दाबाच्या नळ्यांची टोकं, ब्रॅकेट, सगळं आपल्या नगाशी ताडायचं. आणि १ एप्रिल २०२३ पासून रस्त्यावरच्या प्रत्यक्ष उत्सर्जनाची अट लागू झाली, तेव्हा अनेक डिझेल गाड्यांची एक्झॉस्टची मांडणी बदलली. म्हणून दाता गाडी, म्हणजे जिचा फिल्टर काढून घ्यायचा ती, एप्रिल २०२३ च्या आधीची. जुना नग टेबलावर ठेवून सर्व बाजूंनी, स्टीलची पट्टी शेजारी ठेवून फोटो काढले.

दाता गाडी कशी मेली हेही महत्त्वाचं. पुढून ठोकलेली नको, कारण फिल्टर पुढेच असतो आणि धक्क्याने आतली सिरॅमिक तडकते. पुरात बुडालेलीही नको. मागून ठोकून टोटल लॉस झालेली सगळ्यात चांगली. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांपुढे गेला की विमा कंपनी गाडी निकालात काढते आणि तिचं इंजिन बऱ्याचदा निरोगी असतं.

पूर्वी असलं काही हवं असलं की आमच्या इथले लोक चिखली-कुदळवाडी गाठायचे. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड पालिकेने तिथली भंगार गोदामं पाडली आणि माल पांगला. दोन-तीन जुने फोन नंबर लावून बघितले, कोणी शहराबाहेर, कोणी धंदाच बदललेला. सगळे म्हणाले, कुर्ल्याला जा.

१५ नोव्हेंबर, शनिवार, मुंबई

रात्रीच्या महालक्ष्मीने दादर, तिथून लोकलने कुर्ला. पश्चिमेला सीएसटी रोडवरच्या गल्ल्या दहाच्या सुमारास उघडतात. सोबत घेतलेलं सामान: टॉर्च, पांढरी फडकी, मोबाइलला जोडायचा एंडोस्कोप, हातातला वजनकाटा, स्टीलची पट्टी आणि फोटो.

पहिल्या दुकानातला नग बाहेरून चकाचक. जरा जास्तच चकाचक. उन्हात नेऊन शिवण बघितली. कारखान्यातली वेल्डिंगची रेघ एकसारखी असते, ती कुठे जाड कुठे बारीक होत नाही. इथे मूळ रेघेच्या बाजूला दुसरी, गुठळ्यांची, निळसर झाक असलेली. डबा कापून, ‘माती’ काढून, परत शिवलेला. आतली माती म्हणजे तो महागड्या धातूंचा लेप, त्याचा वेगळा बाजार आहे. मारुती इको गाड्यांच्या सायलेन्सरच्या चोऱ्या त्याच्यासाठीच होतात. काट्यावर टांगला तर माझ्या वितळलेल्या नगापेक्षाही हलका. दुकानदार म्हणाला, “मॅडम, वजन पे मत जाओ, फिटिंग सेम है.” मी निघाले.

दुसरीकडे वेन्यूचा नग क्रेटाचा म्हणून दाखवला. नंबरचा दुसरा गट वेगळा, आणि टर्बोकडचं तोंड फोटोशी जुळेना. तिसरीकडे सेल्टॉसचा म्हणून मिळालेल्या नगावर नंबरच ग्राइंडरने घासलेला. नंबर कोणी उगाच घासत नाही. असा माल चोरीचा निघाला तर जबाबदारी घेणाऱ्यावरही येते. पूर्वीचं भारतीय दंड विधानाचं कलम ४११ आता भारतीय न्याय संहितेत ३१७ मध्ये आहे. तिथे पाच मिनिटंसुद्धा थांबले नाही.

दुपारी एका आतल्या गल्लीत, जिथे कटिंगच्या (भागांसाठी तोडायच्या) गाड्या प्रत्यक्ष उभ्या असतात, तिथे हवा तसा नग मिळाला. २०२१ ची क्रेटा, डिझेल मॅन्युअल. मागचा दरवाजा पार आत गेलेला, बॉनेटला ओरखडा नाही. फिल्टर अजून गाडीतच. याहून चांगली गोष्ट नाही, कारण दाता गाडी समोर उभी. नंबर प्लेटवरून एमपरिवहन अॅपवर तपासलं: मॉडेल, इंधन, बीएस ६, नोंदणीचं साल, सगळं जुळलं. मालकाने विमा कंपनीच्या लिलावाचा कागद आणि मीटरचा फोटो दाखवला, २८ हजार किलोमीटर. मीटरवर माझा तसा विश्वास नसतो, म्हणून फिल्टरलाच विचारायचं ठरवलं.

उतरवून घेतल्यावर दुसरा गट अक्षर न अक्षर जुळला. शिवण एकसंध. बाहेर पडायच्या तोंडात फडकं फिरवलं, फिकट करडा डाग. ही चाचणी मी सगळ्यांना सांगेन. पुढच्या तोंडाकडे काळं असणं ठीक आहे, मागचं तोंड काळं म्हणजे आत भेग. कानाशी धरून हलक्या हाताने हलवला, खुळखुळ नाही. सेन्सरच्या भोकातून एंडोस्कोप घालून फिल्टरचं पुढचं तोंड बघितलं. चौकोन सरळ, कडा शाबूत, काजळीचा सारखा थर, वितळलेलं काही नाही. मागून टॉर्च मारला तर भोकांची बुद्धिबळाच्या पटासारखी बंद-उघडी रांग स्पष्ट दिसली.

भाव ३८ हजारांपासून सुरू झाला. मी घासाघीस करण्यापेक्षा अटी घातल्या: जीएसटीचं पक्कं बिल, बिलावर दाता गाडीचा नंबर आणि फिल्टरचा नंबर, बसवल्यावर दाबाचा आकडा चुकला तर सात दिवसांत परत. शेवटी सगळ्या अटींसकट ३१ हजार. दाबाचे सेन्सर, तापमानाचे सेन्सरही त्याच पैशांत दिले.

ट्रान्सपोर्टला टाकायचं मनातही आणलं नाही. सिरॅमिकचा नग, कोण कुठे आपटेल सांगता येत नाही. फोममध्ये गुंडाळून बर्थवर शेजारी ठेवून आणला.

२० नोव्हेंबर, गुरुवार

कोल्हापुरात येऊन प्रयोगशाळेच्या ओव्हनमध्ये १५० अंशांवर वाळवून गरम असतानाच वजन घेतलं. फिल्टर दमट हवेतलं पाणी शोषतो, त्यामुळे थंड वजनावर ग्रॅमचा हिशेब करता येत नाही. मग भोसरीला भट्टी आणि उलट्या हवेची सोय असलेल्या एका कारखान्यात पाठवला. साफ होऊन आल्यावर पुन्हा त्याच ओव्हनमध्ये, त्याच काट्यावर. ४६ ग्रॅम कमी भरला.

यात थोडी काजळी, बाकी राख. म्हणजे हजार किलोमीटरमागे पावणेदोन ग्रॅमच्या आत, काजळी धरूनही. योग्य ऑइल वापरणाऱ्या, बऱ्यापैकी लांब पल्ल्याला पळालेल्या गाडीला हे शोभतं. २८ हजारांचा आकडा खरा असावा असं आता म्हणायला हरकत नाही. साफसफाईनंतरच्या हवेच्या प्रवाहाचा तक्ताही त्यांनी दिला, तो फाइलला लावला.

जुना डबाही त्यांनीच पावती देऊन घेतला. त्याचे बरे पैसे आले.

२३ नोव्हेंबर, रविवार

बसवला. मेस्त्री स्वतःहून हाताखाली आले. पोकळ करायचा सल्ला देणारा माणूस दिवसभर टॉर्च धरून बारकाईने बघत होता, मध्येच विचारलं, “म्हणजे मागचं तोंड पांढरं पायजे, होय ना ताई?”

गॅस्केट, नट, क्लॅम्प नवे. इथे पैसे वाचवू नयेत. फिल्टरच्या आधी एक्झॉस्ट गळला तर सगळे सेन्सर खोटं बोलतात. तुटलेला स्टड ड्रिल करून नवा घातला. सेन्सरांच्या आट्यांना अँटिसीज (आटे जाम होऊ न देणारं मलम) लावलं, टोकाला लागू दिलं नाही. दाबाच्या नळ्यांना रंगीत टेप लावून अलीकडची-पलीकडची खूण केली. सगळे बोल्ट आधी हाताने लावून, डबा ताणाशिवाय बसतोय बघून, मगच आवळले. नंबर बरोबर असला की हे समजतं: एकही ब्रॅकेट ओढावं लागलं नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

स्कॅनरवर ‘फिल्टर बदलला’ ही नोंद. ती केली नाही तर ईसीयू (इंजिनाचा संगणक) मेलेल्या फिल्टरच्या हिशेबाने चालतो. मात्र इथे एक मेख आहे. ही नोंद केली की ईसीयू राखेचा आकडा शून्य धरतो, कारण त्याच्या लेखी फिल्टर कोरा. आपला कोरा नाही. साफ केला तरी थोडी राख उरतेच. माझ्या स्कॅनरला राखेचा आकडा हाताने भरता येत नाही, म्हणून गाडीच्या सर्व्हिस बुकात लाल पेनने लिहिलं: फिल्टर वापरलेला, दाता २८ हजार, साफ करून बसवला, मीटर ४१,३०० ला. पुढच्या माणसाला कळायला हवं.

आयडलवर ०.४ किलोपास्कल. ३००० ला दोनच्या आसपास. कोड नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

पहाटे महामार्गावर. कागल, निपाणी, तवंदी घाट चढून परत. स्कॅनर लावलेला, शेजारी बहीण आकडे लिहून घेत होती. टॉप गिअर सोडून चौथ्यात, २००० ते २५०० आरपीएम. काजळीचा हिशेबी आकडा निपाणीच्या पुढे वाढायचा थांबला आणि घाटात उतरू लागला, जाळण्याची आज्ञा न येताच. चढावर एक्झॉस्ट पुरेसा तापला की नायट्रोजन डायऑक्साइडच्या जोरावर काजळी ३००-४०० अंशांतही हळूहळू जळते. हीच खरी तब्येतीची खूण, कारण त्यासाठी कॅटलिस्टही जिवंत असावा लागतो. वापरलेल्या नगात मला सगळ्यात जास्त धास्ती त्याचीच होती.

परतीच्या वाटेवर कागलजवळ आपोआप जाळणंही सुरू झालं. फिल्टरच्या आधीचं तापमान ६१० पर्यंत गेलं, सोळा-सतरा मिनिटं टिकलं आणि आपण होऊन संपलं. घरी येऊन ऑइलची पट्टी बघितली. पातळी जिथल्या तिथे.

७ डिसेंबर, रविवार

गाडी मामांच्या ताब्यात. गुरुवारी दत्तजयंतीला ते नरसोबाच्या वाडीला जाऊन आले. गर्दीत गाडी तासभर रांगत होती म्हणे, तरी दिवा लागला नाही.

चहा पिताना वापराचं ठरवलं. शेडवर जायला स्कूटर. गाडी आठवड्यातून एकदा तरी कोल्हापूरपर्यंत, तीसेक किलोमीटर, एका दमात. डीपीएफचा दिवा लागला तर त्याच दिवशी हायवे, महिनाभर नाही. जाळणं चालू असताना आयडल थोडं वर राहतं, पंखा मोठ्याने फिरतो, तेव्हा घर आलं तरी गाडी बंद न करता एक चक्कर मारायची. आणि वाळक्या गवतावर उभी करायची नाही. मामांनी विचारलं, “मग मी गाडी चालवायची का गाडीनं मला?” मामी म्हणाल्या, “आठवड्यातनं एकदा कोल्हापूर ना? महालक्ष्मीचं दर्शन होतंय, काय वाईट आहे?” तिथे प्रश्न मिटला.

१४ डिसेंबर, रविवार

पीयूसी. बीएस ६ डिझेलला धुराच्या गुणांकाची मर्यादा ०.७, आमचा आकडा ०.१ च्याही खाली. केंद्रावरच्या मुलाने नळी नीट बसली का म्हणून परत घालून बघितली. पुन्हा तेवढाच. पीयूसीला मी अंतिम पुरावा मानत नाही, कारण ती चाचणी धुराचा दाटपणा बघते, बारीक कणांची संख्या नाही. माझ्यासाठी शेपटीतलं फडकं जास्त बोलकं: तीन आठवड्यांनंतरही करडं.

खर्च: फिल्टर ३१ हजार, भट्टीतली सफाई आणि ने-आण साडेसात, गॅस्केट-नट-क्लॅम्प-स्टड मिळून साडेतीन, इंटरकूलरचा होज आणि ऑइल नऊच्या आत. जुन्या डब्याचे आलेले अकरा वजा. नव्या असेंब्लीच्या निम्म्यातही नाही.

पुढची तपासणी ४६ हजारांना: दाबाचा फरक आयडलवर आणि ३००० ला, ऑइलची पातळी, होजचे क्लॅम्प. मेस्त्रींच्या गॅरेजात काल अशीच एक डिझेल गाडी आली, डीपीएफचा दिवा लागलेली. त्यांनी मालकाला आधी इंटरकूलरचा होज दाखवायला बॉनेट उघडायला लावलं, आणि मग मला फोन केला, स्कॅनर घेऊन येता का म्हणून.